कुठले लोपेझ?

मे 2020. आमचं जहाज सिंगापूरच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्येच संपलेलं, पण कोविडमुळे कुठलंच बंदर क्रू बदलू देईना. घरून आईचा रोज एकच प्रश्न, कधी येतोस. जहाजावर आम्ही सहा भारतीय, बाकी सगळे फिलिपिनो. त्यांच्यातले दोघे लोपेझ. एक चीफ कुक, इलोइलोचा. दुसरा माझ्या इंजिनरूममधला ऑयलर, बातांगासचा. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, दिसायलाही साम्य नाही.

6 तारखेला सकाळी नाश्त्याला गेलो तर मेसरूममध्ये वाद चाललेला. मनिलात एबीएस-सीबीएन नावाचं त्यांचं सगळ्यात मोठं टीव्ही चॅनल आदल्या संध्याकाळी सरकारी आदेशाने बंद झालं होतं. आमचा कुक रडवेला. रोज रात्री काम आटपलं की 'आंग प्रोबिन्सियानो' ही त्या चॅनलची पोलिसी मालिका हार्ड डिस्कवर लावून बसायचा तो. घरी त्याची आई तीच मालिका बघायची. तेवढंच दोघांचं एकत्र बसणं. उलट ऑयलर खुशीत. म्हणाला, "बरं झालं. त्या लोपेझ लोकांना कुणीतरी इंगा दाखवायलाच हवा होता."

चॅनलचे मालक लोपेझ! मी हसत विचारलं, "अरे, पण तूही लोपेझच ना?"

तो म्हणाला, "सेकंड, ते हवेलीतले लोपेझ. मी यादीतला."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण ती चेष्टा नव्हती. पुढचे तीन महिने जहाजावर आणि नंतर घरी आल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आज लिहायचं कारण एवढंच की मागच्या महिन्यात आपल्याच तालुक्याच्या ग्रुपवर एका आडनावावरून जे काही रामायण झालं ते सगळ्यांनी वाचलंय. त्यावर मी बोलणार नाही. फिलिपिन्सबद्दल बोलतो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी ती यादी.

1849 साली फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य होतं आणि नार्सिसो क्लावेरिया नावाचा गव्हर्नर जनरल होता. माणूस हिशेबाचा पक्का. याच माणसाने 31 डिसेंबर 1844 हा दिवस फिलिपिन्सच्या कॅलेंडरातून काढून टाकला होता. स्पॅनिश लोक मेक्सिकोमार्गे आल्यामुळे तिथली तारीख शेजारच्या आशियापेक्षा एक दिवस मागे चालत होती. याने 30 डिसेंबरनंतर थेट 1 जानेवारी उगवायला लावला. प्रश्न मिटला.

तर या क्लावेरियाच्या लक्षात आलं की लोकांना धड आडनावंच नाहीत. बाप्तिस्मा झाला की संताचं नाव मिळायचं, आणि आडनाव म्हणून जो तो दे ला क्रूझ, दे लोस सांतोस असलं काहीतरी भक्तिभावाचं लावायचा. एका घरातले भाऊही वेगवेगळी नावं लावायचे. एका गावात दोनशे हुआन दे ला क्रूझ असतील तर कर कुणाकडून वसूल करायचा आणि वेठीला कुणाला धरायचं? म्हणून 21 नोव्हेंबर 1849 रोजी हुकूम निघाला. सोबत एक जाडजूड पुस्तक, आडनावांचा अकारविल्हे कॅटलॉग. सुमारे 60 हजार नावं. त्यात स्पॅनिश आडनावं होती, तशीच झाडं, फळं, दगड, गावं यांची नावं आणि स्थानिक भाषांतले शब्दही होते. प्रत्येक प्रांताला पानं वाटली, प्रांताने गावांना वाटली, आणि गावात पाद्री आणि मुखिया यांच्यासमोर प्रत्येक कुटुंबाच्या कर्त्याने आपल्या वाट्याच्या पानावरचं एक नाव उचलायचं. ज्यांच्याकडे चार पिढ्यांपासून एकच आडनाव चालत आलंय त्यांना सूट.

पानं अकारविल्ह्यानेच वाटली गेल्यामुळे काही ठिकाणी गावंच्या गावं एका अक्षराची झाली. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही आर अक्षराने सुरू होणारी आडनावं ढिगाने सापडतात. म्हणजे माणसाचं आडनाव ऐकून त्याचं कूळ कळत नाही, पण आजोबांच्या आजोबांच्या गावाला कुठलं पान मिळालं होतं ते मात्र कळू शकतं!

आपल्याकडे कुणी "मी देशमुख" म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठले देशमुख?" मग गाव, मग वतन, मग मामाचं आडनाव, की झाली माणसाची नोंद पक्की. ती नोंद किती खरी हा भाग वेगळा. पण तिथे कित्येक घरांच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तरच नाही. आडनावाच्या मुळाशी पूर्वज नसून एक छापील पान आहे.

लोपेझ या शब्दाचा मूळ अर्थ 'लोपेचा मुलगा'. लोपे हे जुनं स्पॅनिश नाव, लॅटिनमधल्या लांडग्यावरून आलेलं. पोर्तुगीजमध्ये तेच लोपेस. आणि पोर्तुगीजमधून ते आपल्याकडे आलं. वसईचे लोपीस, गोव्याचे लोपीस यांना हे वेगळं सांगायला नको. वसईत मराठी बोलणाऱ्या कुपारी घरांत लोपीस आहेत, आणि त्यांचा लिस्बनच्या कुठल्या लोपेशी रक्ताचा संबंध असायचं कारण नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळालं, ते राहिलं. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आडनाव गेलं नाही. गोवा-वसईत नाव माणसागणिक चर्चमधून आलं, फिलिपिन्समध्ये ते एका हुकुमाने सगळ्या देशाला एकदम वाटलं गेलं, एवढाच फरक.

आता ऑयलर ज्यांना हवेलीतले म्हणाला त्यांच्याकडे येतो.

इलोइलो शहराला लागून जारो नावाची जुनी वस्ती आहे. तिथले हे लोपेझ. मूळ चिनी मेस्तिसो, म्हणजे चिनी व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्या संसारातून झालेला समाज. अशा कित्येक घराण्यांनी चिनी पूर्वजाचं नाव अख्खंच्या अख्खं आडनाव म्हणून लावलं. कोहुआंगको हे आडनाव तसंच, कोराझोन अकिनो माहेरच्या कोहुआंगको. त्यातला शेवटचा 'को' म्हणजे चिनी बोलीतला थोरल्या भावासाठीचा आदराचा शब्द. आपल्याकडे 'गोविंददादा' असं अख्खं आडनाव पडावं तसं. लोपेझ मंडळींच्या नावावर मात्र चिनी खूण राहिली नाही.

19व्या शतकाच्या मध्यावर, 1855 मध्ये, इलोइलोचं बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. तोपर्यंत तिथला मोठा धंदा हातमागाच्या कापडाचा. ब्रिटिश गिरण्यांचं स्वस्त कापड आलं आणि माग बसले. (हे वाक्य वाचताना कुठल्या देशाची गोष्ट चाललीय असा प्रश्न पडला तर तुमची चूक नाही.) कापडातला पैसा मग समुद्रापलीकडच्या नेग्रोस बेटावर उसात गेला. जारोच्या मेस्तिसो घराण्यांनी तिथे प्रचंड जमिनी केल्या, हासिएंदा उभ्या केल्या. लोपेझ त्यांतलेच. जारोत त्यांचे वाडे अजून उभे आहेत. 'नेलीज गार्डन' नावाचा 1928 चा एक पांढराशुभ्र वाडा आमच्या कुकने मला फोनवर दाखवला होता. त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो त्याच्या फाटकासमोर काढलेले. फाटकाच्या आत नाही, समोर.

त्याच जारोत 18 डिसेंबर 1856 रोजी आणखी एक लोपेझ जन्मला. ग्रासियानो लोपेझ हाएना. बाप छोटीमोठी दुरुस्तीची कामं करायचा, आई शिवणकाम. स्पॅनिश पद्धतीने पहिलं आडनाव बापाचं, दुसरं आईचं, म्हणून लोपेझ हाएना. तरुणपणी तो इलोइलोत क्लाउदियो लोपेझ यांच्याकडे कारकुनी करत होता. हे क्लाउदियो त्या श्रीमंत लोपेझांपैकी, पोर्तुगालचे मानद उपवकील. चरित्रकार त्यांना ग्रासियानोचे काका म्हणतात. म्हणजे आडनाव एक, गाव एक, लांबचं का होईना नातं आहे, पण एकाच्या नावावर उसाची राज्यं आणि दुसऱ्याच्या हातात टाक.

ग्रासियानोने त्या टाकाने काय केलं बघा. अठरा वर्षांचा असताना 'फ्राय बोतोद' नावाची गोष्ट लिहिली. बोतोद म्हणजे ढेरपोट्या. खादाड, लोभी, बाईलवेडा स्पॅनिश पाद्री. गोष्ट हातोहात फिरली, पाद्री खवळले, आणि शेवटी त्याला देश सोडावा लागला. स्पेनमध्ये त्याने आधी वैद्यकीचं शिक्षण सुरू केलं, ते सोडलं आणि भाषणं करत फिरला. 15 फेब्रुवारी 1889 रोजी बार्सिलोनात त्याने 'ला सोलिदारिदाद' हे पाक्षिक काढलं. रिझाल, मार्सेलो देल पिलार, सगळे त्यात लिहायचे. फिलिपिनो स्वातंत्र्याच्या चळवळीचा पाया ज्या मोजक्या कागदांवर उभा आहे त्यातला हा एक. 20 जानेवारी 1896 रोजी क्षयाने बार्सिलोनात मेला तेव्हा दफनालाही पैसे नव्हते. रिझालला मनिलात गोळ्या घातल्या त्याच वर्षीच्या डिसेंबरात. हा त्याआधीच, कुणाला न दिसता गेला. चाळिशीही गाठली नव्हती.

कुकला हा पाठ होता. शाळेत त्याचा पुतळा बघत मोठा झालेला. "आमचा लोपेझ," म्हणायचा.

ऑयलरकडेही त्याचा लोपेझ होता, आणि तो मला अजिबात माहीत नव्हता. बातांगास प्रांतातलं बालायान गाव. तिथलं हे लोपेझ घराणं चांगलं सधन, जमीनदार. इलोइलोवाल्यांशी संबंध नाही. त्यातला सिक्स्टो लोपेझ 1898 मध्ये फिलिपिनो सरकारचा वकील अगोन्सिलो याचा सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेला. स्पेनला हरवून अमेरिका आता आपल्याला स्वातंत्र्य देईल अशी आशा होती. दिलं नाही. युद्ध झालं. सिक्स्टोने अमेरिकेशी एकनिष्ठतेची शपथ घ्यायला साफ नकार दिला आणि त्यापायी कितीतरी वर्षं त्याला मायदेशाबाहेर राहावं लागलं.

इकडे 1901 च्या अखेरीस जनरल बेल याने बातांगासमध्ये जी मोहीम चालवली तिच्यात गावंच्या गावं छावण्यांत कोंडली गेली. सिक्स्टो हाती लागत नाही म्हटल्यावर त्याचे मागे राहिलेले भाऊ पकडले आणि तालिम बेटावर कैदेत टाकले. तेव्हा त्यांची बहीण क्लेमेन्सिया लोपेझ अमेरिकेला गेली. एकटी बाई, परका मुलुख. भावांच्या सुटकेसाठी अर्ज केले, दारं ठोठावली. मे 1902 मध्ये बोस्टनमध्ये, मताचा हक्क मागणाऱ्या अमेरिकन बायकांच्या सभेत ती उभी राहिली आणि म्हणाली (मी आशय सांगतोय), आमच्याकडच्या बायका गुलाम आहेत आणि तुम्ही आम्हाला सुधारायला आलात असं तुम्हाला सांगितलं जातं, पण आमच्या घरात आणि मालमत्तेत बायकांना मान आहे, तुम्ही तुमच्या सरकारला आमचं स्वातंत्र्य परत करायला सांगा. नंतर ती तिथल्याच वेल्स्ली कॉलेजात शिकली. हे सगळं मला एका ऑयलरने ग्रीस लागलेल्या हाताने बल्कहेडवर नकाशा काढून सांगितलं.

आणखी एक लोपेझ सांगतो, कारण तो आपल्याला फार जवळचा वाटेल. ओनोरियो लोपेझ. मनिलाचा. नाटकं लिहायचा, पण नाव झालं पंचांगाने. 'दिमासालांग कालेंदार्योंग टागालोग'. चंद्राच्या कला, संतांचे दिवस, पेरणी कधी, मासेमारीला कुठला दिवस बरा, सगळं त्यात. 'दिमासालांग' हे रिझालचं टोपणनाव, ते याने पंचांगाला दिलं. स्पॅनिश राजवटीच्या शेवटाला सुरू झालेलं हे पंचांग आजही दरवर्षी निघतं, चर्चच्या दारात विकायला असतं. आमच्या कुकच्या गॅलीत पिठाच्या डब्यामागे त्याची एक प्रत होती. आपल्याकडे दाते पंचांगाचं जे स्थान तेच. तिथल्या लाखो घरांत शिरलेला लोपेझ म्हणजे हा, आणि याच्या मागे ना ऊस ना वीज कंपनी.

आता वीज कंपनी.

जारोच्या त्या श्रीमंत घरातला बेनितो लोपेझ इलोइलोचा गव्हर्नर झाला, 'एल तिएम्पो' नावाचं वर्तमानपत्रही त्याचं. 1908 मध्ये राजकीय वैरातून झालेल्या गोळीबारात तो गेला. मागे दोन लहान मुलं, एउहेनियो आणि फर्नांदो. काकाने वाढवली. थोरला वकिली शिकला, हार्वर्डला जाऊन आला आणि बापाचं वर्तमानपत्र पुन्हा सुरू केलं. त्यातून त्याने इलोइलोतल्या हुएतेंग या आकड्यांच्या जुगारावर (आपला मटकाच) आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या गव्हर्नर मारियानो आरोयोवर मोहीम उघडली. 1930 मध्ये आरोयोची गच्छंती झाली. आरोयो हे आडनाव लक्षात ठेवा.

इतिहासकार आल्फ्रेड मॅककॉय यांनी या घराण्यावर फार बारकाईने लिहिलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लोपेझांची हुशारी धंद्यात होती तशीच सरकारकडून परवाने, सवलती आणि कर्जं मिळवण्यात होती, आणि त्यासाठी वर्तमानपत्र हे हत्यार होतं. थोरला धंदा बघायचा, धाकटा राजकारण. मला हे पटतं. 1947 मध्ये 'मनिला क्रॉनिकल' घेतलं. 1949 मध्ये फर्नांदो देशाचा उपराष्ट्राध्यक्ष. 1957 मध्ये आधीचं एक टीव्ही स्टेशन विकत घेऊन आपल्या रेडिओ कंपनीला जोडलं, तेच हे एबीएस-सीबीएन. आणि 1962 मध्ये मेराल्को, म्हणजे मनिलाला वीज देणारी अमेरिकन मालकीची कंपनी, लोपेझांनी विकत घेतली. एका घराण्याकडे राजधानीची वीज, टीव्ही, वर्तमानपत्र आणि वर उपराष्ट्राध्यक्षपद. 1965 मध्ये मार्कोस निवडून आला तो फर्नांदोला जोडीला घेऊनच. त्याला उभं करण्यात यांच्या पैशाचा आणि कागदाचा वाटा मोठा होता, हे विसरता येत नाही.

मग बिनसलं. जानेवारी 1971 मध्ये फर्नांदोने मंत्रिपद सोडलं. क्रॉनिकल मार्कोसवर तुटून पडला. सप्टेंबर 1972 मध्ये मार्शल लॉ आला आणि एका रात्रीत क्रॉनिकल बंद, एबीएस-सीबीएन बंद. नोव्हेंबरमध्ये एउहेनियोचा मुलगा हेनी याला राष्ट्राध्यक्षाच्या खुनाच्या कटाचा आरोप ठेवून आत टाकलं. म्हातारा अमेरिकेत. त्याला सांगण्यात आलं, मेराल्को सोडा, मुलगा सुटेल. त्याने सह्या केल्या. मॅककॉय लिहितात की एवढ्या मोठ्या कंपनीसाठी हातावर ठेवलेली रक्कम होती 10 हजार पेसो. कंपनी मार्कोसच्या मेव्हण्याच्या, इमेल्डाच्या भावाच्या कह्यात गेली. मुलगा सुटला नाही. जुलै 1975 मध्ये एउहेनियो सान फ्रान्सिस्कोत कॅन्सरने वारला, तेव्हा हेनी कोठडीतच होता. सप्टेंबर 1977 च्या अखेरीस हेनी आणि सर्हियो ओस्मेन्या या दोघांनी लष्करी कोठडीतून पलायन केलं आणि छोट्या विमानाने हाँगकाँग गाठलं. यावर सिनेमाही निघाला, 'एस्कापो'.

ही गोष्ट मी कुकला सांगितली (त्याला ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती हे नंतर कळलं), तेव्हा ऑयलर मध्येच म्हणाला, "त्याच तुरुंगात यादीतलेही खूप होते, सेकंड. त्यांच्यावर सिनेमा नाही निघाला."

खरंय त्याचं. आणि तरीही त्या घराण्यावर झालेला अन्याय हा अन्यायच होता. त्या जहाजावर मला या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवायला फार जड गेल्या. आपण सहसा एकच धरतो.

याच 1971 च्या फेब्रुवारीत मनिलाच्या फिलिपिन्स विद्यापीठात विद्यार्थ्यांनी पेट्रोल दरवाढीविरुद्ध जीपवाल्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून रस्ते अडवले. पोलीस आत घुसले. विद्यार्थ्यांनी नऊ दिवस विद्यापीठ ताब्यात ठेवलं, त्याला दिलिमान कम्यून म्हणतात. तेव्हा विद्यापीठाचा अध्यक्ष कोण? साल्वादोर लोपेझ. पुन्हा लोपेझ! पण हा इलोकोस नोर्तेचा, म्हणजे मार्कोसच्याच प्रांतातला, आणि जारोच्या वाड्याशी ज्याचं काहीही नातं नाही असा. लेखक माणूस, 1940 साली साहित्याने समाजाकडे पाठ फिरवू नये असं ठणकावून सांगणारं पुस्तक लिहून सरकारी पारितोषिक मिळवलेला, पुढे परराष्ट्रमंत्री झालेला. हा विद्यार्थ्यांच्या बाजूने उभा राहिला, सैन्य विद्यापीठात नको म्हणाला. एकाच महिन्यात मार्कोसच्या डोळ्यांत सलणारे दोन लोपेझ, आणि दोघांची कारणं पूर्ण वेगळी. एकाचा हितसंबंध दुखावला होता, दुसऱ्याचं काहीच जाणार नव्हतं, गेली असती तर खुर्ची.

1986 मध्ये मार्कोस पळाला, चॅनल आणि कंपनी घराण्याकडे परत आली. पुढचं भराभर सांगतो. वीजबिलं वाढली, लोक चिडले. 2002 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मेराल्कोला सांगितलं, 1994 पासून युनिटमागे 0.167 पेसो जास्त घेतलेत, ते ग्राहकांना परत करा. ऐकायला आकडा चिल्लर, पण गुणाकार करा. मार्शल लॉच्या छळातून मिळालेली सहानुभूती वीजबिलात संपली, असं मला वाटतं. 2008 मध्ये सरकारी नोकरांच्या विमा निधीने मेराल्कोचा कारभार लोपेझांकडून काढून घ्यायची मोहीम चालवली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होत्या ग्लोरिया माकापागाल आरोयो. त्यांचे पती हे, 1930 मध्ये 'एल तिएम्पो'ने घालवलेल्या त्या गव्हर्नर आरोयोच्या भावाचे नातू. इथे मात्र आडनाव कॅटलॉगातलं नव्हतं, खरोखरच्या घराण्याचं होतं! 2009 मध्ये लोपेझांनी मेराल्कोतला मोठा हिस्सा विकला.

आता हेनीची मुलगी. जीना लोपेझ. वीसेक वर्षं घरापासून लांब, आनंदमार्गाची योगप्रचारक म्हणून पोर्तुगाल, आफ्रिका आणि आपल्या भारतातही राहिली. परत येऊन पर्यावरणाच्या कामात पडली. 2016 मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षाने, दुतेर्तेने, तिला पर्यावरणमंत्री केलं. फेब्रुवारी 2017 मध्ये तिने 23 खाणी बंद करण्याचा हुकूम काढला. मे महिन्यात नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या संसदीय आयोगाने तिला नामंजूर केलं. खाणमालकांच्या दबावापुढे टिकली नाही. ऑगस्ट 2019 मध्ये गेली. श्रीमंत घराण्याची मुलगी, पण खाणीखालच्या गावांसाठी भांडून मंत्रिपद घालवलं. हिला कुठल्या खात्यात टाकायचं? ऑयलर म्हणाला, "ती बरी होती." मग थोडं थांबून, "पण तिला परवडत होतं."

आणि शेवटी तो मे 2020. चॅनलचा 25 वर्षांचा परवाना 4 तारखेला संपला. दुतेर्तेचा राग जुना. 2016 च्या निवडणुकीत पैसे भरूनही आपल्या काही जाहिराती दाखवल्या नाहीत, असं त्याचं म्हणणं, आणि चॅनलने नंतर माफीही मागितली होती. 10 जुलैला संसदेच्या समितीने 70 विरुद्ध 11 मतांनी परवाना नाकारला. सुनावणीत हेनीच्या मुलाचा जन्म अमेरिकेतला म्हणून तो खरा फिलिपिनो आहे का यावर तासन्‌तास घालवले. 'ऑलिगार्क' हा शब्द उठताबसता. पण वाड्यातल्यांचं जेवण काही बंद झालं नाही. चॅनलमध्ये सुमारे 11 हजार माणसं कामाला होती, कॅमेरावाले, ड्रायव्हर, मेकअपवाल्या. हजारोंच्या नोकऱ्या ऐन कोविडमध्ये गेल्या. त्यांच्यातही कितीतरी यादीतले लोपेझ असणारच.

जुलैची ती बातमी आली त्या रात्री कुकने आदोबो केलं होतं, नेहमीपेक्षा खारट झालं. ऑयलर काही बोलला नाही. त्याचा मेव्हणा प्रांतातल्या स्टेशनवर गाडी चालवायचा, हे मला त्या रात्री कळलं.

ऑगस्टमध्ये आम्ही एकदाचे उतरलो. त्या दोघांना एकाच विमानात जागा मिळाली, आणि मनिलाला उतरल्यावर क्वारंटाइनच्या हॉटेलात एकाच खोलीत टाकलं. आडनाव एक, म्हणून त्यांनी भाऊ धरले!

2022 च्या जानेवारीत त्या बंद चॅनलची फ्रिक्वेन्सी सरकारने दुसऱ्या कंपनीला दिली. ती कंपनी मानुएल व्हिलार यांची, देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक, आणि तेव्हा घरातली बायको सिनेटर आणि मुलगी खासदार. त्या दिवशी मला मेसेंजरवर ऑयलरचा मेसेज आला. गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच. नवीन जहाजावर होता, ब्राझीलकडे निघालेला. लिहिलं होतं, "सेकंड, या जहाजावर एक व्हिलार आहे. फिटर. त्यालाही बातमी आत्ता माझ्याकडूनच कळली."